माहेरचे रतांबे

१८ एप्रिल, वरची वाडी

जानकी,

वर आशीर्वाद लिहायला घेतले होते, पण हात पुढे जाईना. आधी विचारायचं ते विचारते. तुझं उत्तर आलं की आशीर्वादांचं बघू.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा येतात आणि तू गप्प. म्हणून पत्र. फोंड्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतेय, तो नाक्यावर तुझ्या हातात ठेवील. समोरच्याला नाही म्हणणं तुला कधी जमलं नाही, निदान पाकीट तरी घेशील.

काल खालच्या वाडीत टेम्पो लागला होता. आपल्या गटातली सीता सरपणाला गेली होती, तिने बघितला. ताडपत्रीखाली क्रेट आणि क्रेटमध्ये आपल्याकडच्या कोकमांचे रतांबे, चांगले लालबुंद पिकलेले. तिने ड्रायव्हरला विचारलं, "खंयचो रे टेम्पो?" तर म्हणाला, "फोंड्याचो. जानकीवयनींच्या कारखान्याचो." सीता धावत माझ्याकडे आली आणि मी उलट तिलाच झापलं. म्हटलं, दुसरी कुणी जानकी असेल. आमची जानकी, माझी नणंद, असं करायची नाही. करेल तर आधी मला सांगेल.

खरं सांग, मी तिला उगाच झापलं का?

गेल्या दोन वर्षांत काय काय झालं ते तुला सांगायला नको, पण मला लिहायचंय. भावोजींचं फोंड्यातलं दुकान बसलं आणि तुम्ही दोघं इथे राहायला आलात, तेव्हा मी तुला एका शब्दाने विचारलं नाही की किती दिवस. तुझ्या आईने तुला आणि मला एकाच मांडवात बसवून रतांब्याच्या रसाचं आगळ करायला शिकवलं. कितपत मीठ, किती दिवस मुरवायचं, सोलं करताना सालींना रसाची पुटं कशी द्यायची. मग आपण वाडीतल्या बायका जमवल्या, गट काढला. शाळेची जुनी खोली पंचायतीकडे मागायला आपण दोघी गेलो होतो. तू बोललीस, मी नुसती मान हलवली. आपलं फळ कच्चं बाहेर जातं आणि बाटलीत भरून परत येतं, ते आपणच का नाही भरायचं? हे तुझंच वाक्य. सरपंचांनी ते नंतर दोन भाषणांत वापरलं.

आणि गाऱ्हाण्याची कल्पनाही तुझीच. मी म्हणत होते, वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवू, की रतांबे गटालाच घालणार. तू हसलीस. म्हणालीस, "वयनी, सही करून माणूस इसारता. देवाम्होरं बोललेला कोण इसारणा नाय." शिमग्याच्या आधी रवळनाथाच्या देवळात सगळी वाडी उभी राहिली. आबा मानकऱ्यांनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं. मधे ते अडखळले तेव्हा तू बाजूने शब्द पुरवलेस, आणि आबा म्हणाले, "ह्या साली वाडीतले रतांबे भायर विकूचे नाय, असो जो काय ह्या लेकरांनी इचार केलो हा, तो तडीक ने रे म्हाराजा!" सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं. तुझा आवाज सगळ्यांत मोठा होता. मी तुझ्याकडे बघून हसले होते, आठवतं? शिमगा झाला आणि तुम्ही परत फोंड्याला गेलात.

पंचायतीची अट तुला ठाऊक आहे. हंगामभर खोलीत काम चाललं पाहिजे. पिंपं रिकामी राहिली तर खोली गेली. मग पुढच्या वर्षी बायकांना कुठे बसवू? माझ्या पडवीत मावणार नाहीत. आत्ता एप्रिल अर्धा सरला आणि दोनच पिंपं भरलीत.

काही घोटाळा असेल तर सांग. टेम्पोवाला खोटं बोलत असेल तर तेही सांग. मला तेच ऐकायचंय.

सुगंधा


५ मे

जानकी,

पत्र पोचलं. कंडक्टर म्हणाला, "वयनींनी घेतल्यानी, पर्समध्ये टाकल्यानी." उत्तर नाही. बरं.

आता मी रोज वाडीतून फिरते आणि लोकांची अंगणं बघते. या दिवसांत दरवर्षी प्रत्येक अंगणात रतांब्याच्या बिया वाळत पडलेल्या असतात, त्यांचं घट्ट तेल, मुठेल, काढायला. यंदा खालच्या वाडीत अंगणं स्वच्छ. बिया नाहीत म्हणजे फळ फुटलंच नाही, आख्खं बाहेर गेलं. आणि बायकांचे हात बघते. मे महिन्यात आपल्या बायकांचे हात कसे असतात? कोपरापर्यंत लाल, नखं काळी, लग्नाला जायची लाज वाटते. यंदा निम्म्या वाडीचे हात पांढरे आहेत. मला बघितलं की पदराखाली घेतात.

म्हणून मी देवळात बैठक लावली. आबांना म्हटलं, गाऱ्हाणं मोडलंय. जानकीने मोडलंय आणि तिला फळ देणाऱ्यांनी मोडलंय. देवापुढे दोघांना उभं करा.

आबा काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. "सुगंधा, जानकी आता आमच्या गावची नाय. लगीन झाला तेव्हाच तिचो देव बदललो. दुसऱ्या गावच्या सुनेक आमचो देव कसो जाब इचारतलो?"

मी म्हटलं, ती इथे उभी होती. होय म्हाराजा म्हणाली.

"म्हणाली असात. माहेराक इल्ली, उभी रवली. पण तिचा बोलणा ह्या देवाक लागणा नाय."

ठीक आहे, म्हटलं. ती नाही, मग बाकीचे? ते तर इथलेच ना? त्यांनी रतांबे बाहेर विकले.

तर खालच्या वाडीची रसिका उठली. माझ्या डोळ्याला डोळा न भिडवता बोलली, "आम्ही विकूक खंय? आम्ही दिलंव. माहेराक इल्ल्या चेडवाक फळ देवचा नाय तर कोणाक देवचा?" आणि सगळे माना डोलवू लागले. चेडू गावचं आहे. ते दारात आलं, त्याने पदर पसरला, आम्ही पाटी भरून दिली. त्याने जाताना पोरांच्या हातात खाऊचं पाकीट ठेवलं. माहेरवाशीण ठेवतेच. ह्यात विकणं कुठे आलं?

जानकी, मी तिथेच खांबाला टेकून बसले.

म्हणजे घ्यायला आलीस तेव्हा तू गावची लेक, आणि शब्द पाळायचा तेव्हा दुसऱ्या गावची सून. आणि मी? मी जामसंड्याची. माझं नाळ-जावळ तिकडे. मी ह्या देवळात पहिल्यांदा पाऊल ठेवलं ते हळदीच्या अंगाने. मला मात्र तुझा देव पक्का बांधतो. मी एक पाटी बाहेर विकली असती तर आबांनी मला नारळ घेऊन दंड भरायला लावला असता.

घरी येऊन विचार करत बसले. आबा अडखळले तेव्हा "विकूचे नाय" हे शब्द तू पुरवलेस. "जाऊचे नाय" म्हणू शकली असतीस. "देवचे नाय" म्हणू शकली असतीस. मला आधी वाटलं, मी उगाच खोडी काढतेय. मग सीतेच्या नवऱ्याने सांगितलं की फोंड्याला तुमच्या शेडचे पत्रे माघातच चढले होते. म्हणजे तू नारळाशेजारी उभी होतीस तेव्हा तुझा कारखाना उभा होता. कोल्हापूरचा भागीदार, सुकवायचं यंत्र, सगळं ठरलेलं होतं. फक्त फळ कुठून आणायचं ते राहिलं होतं.

लोकांना दोष कमी देते. गट पैसे देतो माल खपल्यावर, कधी गणपतीत, कधी दिवाळीत. तुझं पाकीट त्याच दिवशी. भुकेला माणूस कुठे जाणार ते मला कळतं. तुझं मात्र काहीच कळत नाही. तू मला सांगितलं असतंस की वयनी, कारखाना काढतेय, भागीदारीत ये, तर मी अख्खा गट घेऊन आले असते. नाही म्हणाले असते तरी भांडून म्हणाले असते, तोंडावर.

सुगंधा


१४ मे

हे पत्र छोटं आहे.

मी तोंडवलीला गेले होते, हॉटेलवाल्यांना यंदाच्या आगळाची चव दाखवायला. एक मुक्काम झाला. परत आले तर गोठ्यामागची आपली रतांब्याची दोन्ही झाडं झोडपून रिकामी. खाली एक कच्चं फळसुद्धा नाही. ती झाडं मी शेवटाला ठेवली होती. गटातल्या बायकांना सांगितलं होतं, घाबरू नका, आमची झाडं अजून भरलेली आहेत, निदान एक पिंप त्यातून होईल.

तुझ्या भावाला विचारलं. तो बैलाला पाणी पाजत होता, वळलासुद्धा नाही. म्हणाला, "जानकी इल्ली."

मग?

"भैण माझी ती. दारात येवन मागल्यान. तिका नाय कसा म्हणू?"

मी म्हटलं, गुरुदास, (लग्नानंतर पहिल्यांदा नावाने हाक मारली, आईंच्या देखत) तुम्ही होय म्हाराजा म्हटलं होतं. बायको गटाची अध्यक्ष आहे.

"मी विकूक नाय," म्हणाला. पढवल्यासारखं. तुझेच शब्द, तुझाच भाऊ.

रसिकाचं मी समजू शकले. तिची चार पोरं आहेत. ह्या माणसाचं काय समजू? गेले तीन दिवस मी त्याला जेवण वाढते आणि समोर बसत नाही. तू माझ्या घरात आलीस, मी नाही ते बघून आलीस, आणि माझ्या नवऱ्याच्या हाताने माझी झाडं झोडपून नेलीस. चहा घेतलास म्हणे. माझ्या डब्यातले लाडू खाल्लेस.

तुला तेव्हा काही वाटलं का? थोडं तरी?


२ ऑगस्ट

जानकी,

खोली गेली. पंचायतीने नोटीस वगैरे काही लावली नाही, सरपंच स्वतः आले, ओशाळे झाले होते. म्हणाले, "वयनी, अटच होती, माका काय करूक येणा नाय." आता तिथे खुर्च्या आणि मांडवाचं सामान ठेवलंय. आम्ही पिंपं धुऊन माझ्या शेतावरच्या मांगरात आणून ठेवली. सीता आणि आणखी काहीजणी तुझ्याकडे कामाला लागल्या हे तुला माहीतच आहे, पगारही तूच देतेस. सीता सांगायला आली तेव्हा दारातच उभी राहिली. मी म्हटलं, जा गो, घर चालायला हवं. ती रडली. मी नाही रडले. नंतर रडले.

पण आज लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने.

तोंडवलीच्या त्या हॉटेलात काल परत गेले. यंदा माल थोडा आहे, पण जो आहे तो देऊ म्हणून. मालक भला माणूस. आतून तुझी बाटली आणून टेबलावर ठेवली. म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक हीच मागतात. घरगुती वाटते."

बाटलीवर आईंचा फोटो. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, हातात रतांब्यांची पाटी. खाली "काशीबाईंच्या हातचं आगळ". आणि त्याखाली आपल्या गावाचं नाव, ठळक अक्षरात.

मी हसले, जानकी. खरंच हसले, मालक घाबरला. आबांनी देवळात सांगितलं होतं की तू ह्या गावची नाहीस. बाटलीवर मात्र पुरती गावची आहेस.

घरी येऊन आईंना बाटली दाखवली. चष्मा लावून बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "माका काय ठावक गो? लेक म्हणाली, आये, हस. मी हसलंय."

त्यांना मी काही बोलले नाही. त्यांनी ती बाटली देव्हाऱ्याशेजारी ठेवलीय, स्वतःचा फोटो आहे म्हणून. ज्या पोरीने त्यांचं नाव विकलं तिच्यावर त्यांचा राग नाही. आई आहेत. मला रोज तिथे दिवा लावावा लागतो आणि रोज ती बाटली डोळ्यांपुढे येते.

चव घेतली. तुझं आगळ वाईट नाही. मीठ जरा जास्त आहे आणि मुरायला वेळ दिलेला नाही, पण वाईट नाही. हे लिहिताना किती त्रास होतोय ते तुला कळणार नाही.

सुगंधा


२० नोव्हेंबर

जानकी,

इतक्या महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. तोही फोनवर पाठवलेला, म्हणजे मधे मला बोलता येऊ नये. तीन वेळा ऐकला. जत्रेला येतेय, देवीची ओटी भरायची आहे, दोन दिवस घरी राहीन, वयनीने मागचं मनात ठेवू नये. आणि मग शेवटी, आवाज बारीक करून, "वयनी, तू माझ्या जागेर असतंस तर तू पण ह्याच केलं असतंस."

आधी जत्रेचं. ये. घर तुझ्या आईचं आणि भावाचं आहे, तुला अडवणारी मी कोण? देवीची ओटी भर, तो तुझा आणि देवीचा व्यवहार. माहेरवाशिणीचा मान आबा तुला देतील, पहिल्या रांगेत उभं करतील, दशावतार बघायला पुढे खुर्ची ठेवतील. कारखाना काढणारी लेक आहेस, सगळे तुझ्याभोवती जमतील. निघताना तुझी ओटी घरातून भरायची असते, ती वहिनीने भरायची असते. ती मी भरणार नाही. आईंना सांग. भावाला सांग. तुझ्यासाठी ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांना सांग. मी त्या वेळी विहिरीवर असेन.

आता तुझ्या दुसऱ्या वाक्याचं. तेवढ्यासाठीच हे पत्र.

मे महिन्यात, झाडं झोडपून गेलीस त्यानंतर, सीता माझ्याकडे आली होती. तेव्हा ती अजून गटात होती. चार पिंपं रिकामी, खोलीला शेवटचे पंधरा-वीस दिवस. ती म्हणाली, "वयनी, तुमकाय माहेर आसा मां? जानकीवयनीन केला ता तुमी करा."

मला सुचलंच नव्हतं. जामसंड्याला आमच्या घराच्या मागे उतारावर रतांब्यांची रांग आहे, तू एकदा बघितलीस, माझ्या लेकीच्या, दिव्याच्या, बारशाच्या वेळी. आणि शेजाऱ्यांची वेगळी. तिथे सगळे आंब्याच्या मागे असतात, रतांब्यांकडे फारसं कुणी बघत नाही. मी त्याच संध्याकाळी सत्यवानला फोन केला. मोठा भाऊ माझा. सगळं सांगितलं. तो ताडकन म्हणाला, "बाय, तुझो हक्क आसा. तू कशाक लाजतंस? उद्या सकाळी टेम्पो भरून धाडतंय. आमच्या आळीतल्यांका पण सांगतंय, चेडवाक फळ देवक कोण नाय म्हणतलो?"

एक टेम्पो म्हणजे चारही पिंपं. खोली वाचली असती. सीता माझ्याकडे असती. तोंडवलीच्या टेबलावर माझी बाटली असती. मी ओट्यावर बसून "पाठव" म्हणायला तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात त्याच्या मागून आवाज आला. त्याच्या बायकोचा, दीपिकाचा. मोठ्याने नाही, त्यालाच विचारत होती. "रतांबे? आमचे?" मग ती गप्प झाली. सत्यवान बोलतच राहिला, त्याला काही ऐकूच गेलं नाही. दीपिका गेल्या वर्षापासून आळीतल्या बायकांना घेऊन सोलं घालते. लहान आहे तिचं काम, पडवीतच. मला माहीत होतं. गौरी-गणपतीला तिने मला थोडी सोलं दिली होती, चांगली झाली होती.

ती काही बोलली नसती, जानकी. मी हट्टाने मागितले असते तर टेम्पो आला असता, आणि तिने मला पुढच्या वेळी चहाही दिला असता. नवऱ्याच्या बहिणीला नाही म्हणायची सोय कुठल्याच घरात नसते. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मी सत्यवानला सांगितलं, नको, इथे सोय झालीय. सीतेला मात्र सांगितलं, भाऊ नाही म्हणाला म्हणून. तिला खरं आजवर ठाऊक नाही. कदाचित म्हणूनच ती तुझ्याकडे गेली.

म्हणून तुझं ते वाक्य मला लागलं नाही. मी तुझ्या जागी होते, एक संध्याकाळभर. माझ्या हातात फोन होता, भाऊ होय म्हणून बसला होता, फळ झाडावर होतं. आणि मी नाही म्हटलं, कारण माझ्या माहेरीही एक वहिनी आहे.

सुगंधा